पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं

मिरानचं पाकीट हरवलं तेव्हा अख्खा बाजार तिची समजूत घालायला धावून आला.

"येईल गं परत," मालसुन म्हणाली. तयार भाज्या आणि लोणच्यांच्या ज्या दुकानात मिरान कामाला होती, त्याची ही मालकीण. सुनचॉनच्या सबंध बाजारात हिच्याएवढा मोठा आवाज फक्त मासळीच्या लिलावात ऐकू येतो. "आपल्याकडे पाकीट कोण खातंय? लोक कॅफेत लॅपटॉप उघडा टाकून खुशाल संडासला जातात. छत्री आणि सायकल तेवढी सांभाळायची. ती मात्र नेतात मेले!"

समोरची सुकी मासळीवाली पुढे सरसावली. "सोदामची आई, तू जिवाला लावून घेऊ नकोस. ज्याला सापडलं असेल तो पोस्टाच्या लाल पेटीत टाकेल. पोस्टवाले ओळखपत्रावरचा पत्ता बघतात आणि रजिस्टर करून घरपोच देतात. माझ्या जावयाचं असंच आलं, नोटेला घडीसुद्धा नवी पडली नव्हती."

मिरान मुळ्याच्या फोडींना तिखट चोळत होती. तिचे हात तिथेच थांबले. घरपोच म्हणजे कोणत्या घरी, हे त्या दोघींना माहीत नव्हतं. तिला होतं.

ओळखपत्रावर पत्ता होता दूरच्या सांगजू गावाचा. तीन मजली विटकरी इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. त्या दाराआड तेगिल राहत होता, तिचा नवरा. त्या दारातून ती पोरीला, सोदामला घेऊन निघाली त्याला आता दुसरा हिवाळा येत होता.

तेगिल वाईट माणूस आहे असं सांगजूत कोणी म्हणणार नाही. घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करायचा. हसतमुख, दारात बूट नीट जुळवून ठेवणारा, म्हाताऱ्यांकडून पैसे घ्यायला लाजणारा. त्याने आवाज चढवलेला शेजाऱ्यांनी कधी ऐकला नाही, कारण तो आवाज चढवतच नसे. लग्नानंतर मिरानच्या वस्तू हरवायला लागल्या. किल्ल्या तांदळाच्या डब्यात निघायच्या, चष्मा बुटांच्या कपाटात. आणि दर वेळी तो शांतपणे शोधून द्यायचा. "सापडलं बघ. तुझं काही खरं नाही हं मिरान, माझ्याशिवाय तू हरवून जाशील." पुष्कळ वर्षं तिला आपलं डोकं फिरलंय असंच वाटत होतं. मग एके दिवशी तिने त्याला तिच्या किल्ल्या तांदळात खुपसताना पाहिलं. त्यानेही तिने पाहिलेलं पाहिलं. त्या संध्याकाळनंतर तो मारू लागला, तेही दिसणार नाही अशा ठिकाणी.

एकदा ती बहिणीकडे पळून गेली होती. तिसऱ्या दिवशी तो पेर फळांची टोपली घेऊन दारात हजर. परत येताना गाडीत एवढंच म्हणाला, "मला शोधावं लागत नाही. तू विसराळू आहेस. तुझा पत्ता तूच मला कळवतेस." बहिणीच्या घरातला फोन नंबर तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला होता, ते तिला मग आठवलं.

म्हणून दुसऱ्या खेपेला तिने मागे काही म्हणून ठेवलं नाही. सुनचॉनला आल्यावर नवा पत्ता सरकारदरबारी नोंदवला नाही, कारण नवरा म्हणून तो कागद काढून बघू शकला असता. तो दाखवू नका असा अर्ज करता येतो म्हणे, पण त्याला पोलिसातली तक्रार नाहीतर डॉक्टरचा दाखला हवा. हिने कुठे तक्रार केली होती! ओळखपत्र जुनंच राहिलं. फोन बहिणीच्या नावावर. पार्सलच्या खोक्यावरचं नाव ती आधी सोलून, फाडून, दोन वेगळ्या पिशव्यांत टाकायची. शाळेच्या बाईंना तेवढं विश्वासात घेतलं होतं, बाकी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बाजारात तर तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांना ती मावशी, बाकीच्यांना सोदामची आई.

"तू काय सरहद्दीवरच्या काटेरी तारेपलीकडून, उत्तरेतून पळून आलीस की काय गं?" मालसुन तिला चिडवायची. "फोटो काढू देत नाहीस, घरी बोलावत नाहीस!" मिरान हसून मान खाली घालायची. मालसुनने मनाशी ठरवून टाकलं होतं की ही विधवा आहे आणि नवऱ्याचं नाव काढलं की हिला रडू येतं.

एवढं डोळ्यात तेल घालून सांभाळलेलं सगळं त्या पाकिटात होतं. वरच्या कप्प्यात जुन्या घराचं ओळखपत्र, आणि त्याच्या मागे नव्या घराचं जे जे म्हणून काही असेल ते: वाचनालयाचं कार्ड, दुकानाची कार्डं, आणि तायक्वांदोच्या पांढऱ्या कपड्यातला सोदामचा फोटो. छातीवर क्लासचं नाव मोठ्या अक्षरांत.

तिखटाचे हात कसेबसे धुऊन ती पुलाजवळच्या पोस्टात धावली. एप्रन काढायचंही भान राहिलं नाही. पोस्ट बंद व्हायच्या बेतात होतं. खिडकीतला तरुण कारकून गोड स्वभावाचा. तिने नाव सांगितलं मात्र, त्याने पटापट बोटं चालवली आणि सगळं सांगून टाकलं.

"अभिनंदन, मावशी! आमच्याच पेटीत सापडलंय. परवा पाठवलं. आज वाटपाला नेलं होतं, घरी कुणी नव्हतं. उद्या दुपारच्या आत पुन्हा नेतील."

"मला ते परत हवंय. इथे. तिकडे जाऊ देऊ नका."

"मागवता येईल की. तुमचं ओळखपत्र दाखवा."

"ते पाकिटातच आहे."

कारकुनाला हसू आवरेना. "खरंच की! मग काय करणार, मावशी? नियम आहे. कुणाचंही टपाल कुणालाही कसं देणार? माहिती जपावी लागते लोकांची." आणि त्याने खिडकीचा पडदा ओढला.

त्याने तिला पुरावा मागितला तो सगळं सांगून झाल्यावर, हे मिरानच्या लक्षात आलं. मनात पाल चुकचुकली, पण तिच्यामागे जायला तिला सवड नव्हती. घरी कुणी नव्हतं, या एका वाक्याच्या आधारावर ती परत आली. तेगिल दिवसभर कामावर असतो. पोस्टमनने उद्या दार वाजवायच्या आत आपण तिथे उभं राहायचं आणि पाकीट हातात घ्यायचं. ज्या दाराचं स्वप्न पडलं तरी ती घामाने निथळायची, त्याच दाराशी. तिला दुसरं काही सुचेना.

सकाळी निघताना तिने झोपेतल्या सोदामला उठवून पुन्हा पुन्हा बजावलं. "शाळा सुटली की थेट मालसुन मावशीच्या दुकानात. कुठे थांबायचं नाही."

"रोज तेच तर करते," सोदाम डोळे चोळत म्हणाली. "तू कुठे चाललीस?"

"पाकीट आणायला."

देगूला बस बदलून ती सांगजूला उतरली तेव्हा घरोघरच्या गच्च्यांवर सोललेली केशरी पर्सिमन फळं वाळत टांगलेली होती. तिला या वासाची एके काळी आवड होती. टोपी खाली ओढून, तोंडावर मास्क चढवून ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. तेगिलची निळी व्हॅन जागेवर नव्हती. वरच्या खिडकीत तिने लावलेला पडदा अजून तसाच होता. कुणीतरी तो धुऊन इस्त्रीसुद्धा केलेला दिसत होता.

पोस्टमनची लाल मोटरसायकल आली तशी ती पुढे झाली.

"अरे! सोदामची आई!" पोस्टमनला आनंद झाला. अनेक वर्षं तोच या गल्लीत यायचा. "किती दिवसांनी! माहेरी होता म्हणे तुम्ही, आईच्या आजारपणात. साहेब सांगत होते. बरी आहे ना आता?"

मिरानची आई लग्नाआधीच वारली होती. "बरी आहे," ती म्हणाली. "माझं पाकीट आलंय ना? मीच सही करते."

त्याने पाकीट असलेला लिफाफा तिच्या हातात ठेवला. तिने तिथेच तो फाडला. पाकीट तेच, शिवण उसवलेलं. फोटो होता, कार्डं होती, कशालाही हात लागलेला नव्हता. मिरानचा जीव भांड्यात पडला. तिला त्या अनोळखी भल्या माणसाचे, पोस्टाचे, या म्हाताऱ्या पोस्टमनचे, सगळ्या जगाचे पाय धरावेसे वाटले. तेगिलने ते पाहिलं नव्हतं. संपलं. वाचलो.

"बरं झालं तुम्ही भेटलात," पोस्टमन पिशवी बंद करत म्हणाला. "साहेब म्हणाले होते, घरी कुणी नसेल, खालच्या आजींकडे द्या."

"साहेब कधी म्हणाले?"

"काल संध्याकाळी. मी दुपारी आलो तर कुणी नव्हतं, म्हणून दारावर चिठ्ठी चिकटवली होती. ती बघून त्यांनी फोन केला. खूश झाले हो! कुठून आलं विचारत होते. चिठ्ठीवर असतंच ना, सुनचॉन, पुलाजवळचं पोस्ट. म्हणाले, ज्याने एवढ्या प्रामाणिकपणे पाठवलं त्याचे समक्ष आभार मानले पाहिजेत. आज पहाटेच निघायचं म्हणत होते तिकडे. अशी माणसं राहिली नाहीत हल्ली."

मिरानने मान वर करून जिन्याकडे पाहिलं. वर दारावर चिठ्ठी असते, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? जन्मभर पाहिली होती. पण आपल्या नावाचं टपाल येण्याची तिची सवयच मोडली होती, आणि एवढी एक गोष्ट ती खरोखर विसरली होती.

तिने दुकानाचा नंबर लावला.

"मिळालं का गं पाकीट?" मालसुन तिकडून ओरडली. "आणि काय गं, नवरा एवढा देवमाणूस आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? मी मेली तुला विधवा समजून बसले!"

"ताई—"

"इथे समोरच बसलेत! पोस्टातल्या पोराने पाठवलं त्यांना, तुझ्या एप्रनवर दुकानाचं नाव वाचलं होतं म्हणे त्याने. पाकीट सापडलेल्या माणसाला द्यायला पेरांच्या रसाचा खोका घेऊन आलेत, एक आम्हालाही दिला. किती मर्यादेने बोलतात! सोदाम येईपर्यंत थांबतो म्हणाले. देऊ का फोन?"

"देऊ नका!" मिरान किंचाळलीच. पोस्टमन दचकला. मग तिने आवाज खाली आणला आणि बाजारात कुणालाही न सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. किल्ल्या, तांदळाचा डबा, बहिणीचं घर, बरगड्या. "ताई, त्याला कळू देऊ नका फोनवर मी आहे ते. सोदाम दुकानात येता कामा नये. तो तिला घेऊन जाईल. पाया पडते तुमच्या."

मिरानला वाटलं, मालसुनला हे खरं वाटणार नाही. कसं वाटेल? आजवर कुणाला वाटलं होतं?

"हो हो बाई," मालसुन एकदम नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली. "ऐकू येतंय. मघाशी मला वाटलं सोदामची आईच बोलतेय, तुमचे आवाज सारखेच! तिखट मुळा आणि तिळाची पानं ना? करून ठेवलीत. छे, पोरगं कुठलं पाठवू, मीच येते घेऊन. आत्ता निघते."

मागून एक पुरुषी आवाज आला. शांत, आर्जवी. मिरानने फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"मावशी, मी येऊ का सोबत? ओझं असेल."

"बसा हो तुम्ही, चहा घ्या, पाहुण्याला का ओझी उचलायला लावतात?" मालसुन हसली. ते हसणं मिरानने कधी ऐकलं नव्हतं, त्यात जरासा कंप होता. मग ती फोनमध्ये म्हणाली, "नाही बाई, पत्ता सांगू नका. मला माहीत आहे."

फोन बंद झाला. मालसुन शाळेच्या वाटेला लागली, हे मिरानला कळलं.

मिरानने लगेच शाळेचा नंबर लावला. घंटी वाजू लागली. पोस्टमन गाडीवर बसता बसता थांबला होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने काळजीने विचारलं, "काय झालं हो? पाकिटातलं काही गेलं की काय?"

मिरानने हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. पांढऱ्या कपड्यातली सोदाम मुठी वळून हसत होती.

"नाही," ती म्हणाली. "सगळं आहे."

आणि फोन तसाच कानाला धरून ती बस स्टँडच्या दिशेने धावत सुटली. शाळेतल्या फोनची घंटी वाजत होती, अजून कुणी उचलत नव्हतं.