धुतलेली पायरी

इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या आमच्या छोट्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि प्रत्येक दार थेट फुटपाथवर उघडतं. इथल्या पहिल्या दिवाळीत मी पहाटे उठून दारातल्या दगडी पायरीवर रांगोळी काढली. आंघोळी, फराळ उरकून दार उघडते तर पायरी ओली, लख्ख आणि रांगोळीचा पत्ता नाही.

शेजारच्या आजी बादली घेऊन परत चालल्या होत्या. "पोरांनी खडूनं तुझी पायरी घाण केली होती, लव्ह. धुऊन टाकली," त्या इथल्या लाडाच्या भाषेत म्हणाल्या. इथल्या जुन्या रीतीप्रमाणे, स्वतःच्या आईनं लावलेल्या शिस्तीनं रोज आपली पायरी घासणारी गल्लीत उरलेली ही शेवटची बाई, आणि आज हिला माझीच सापडावी? माझं डोकं फिरलं. "ती घाण नव्हती. माझा सण होता," असं सुनावून मी दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर खरखर ऐकू आली. आजी गुडघ्यांखाली उशी घेऊन माझी पायरी घासत होत्या. "आता काढ," एवढंच बोलून त्या गेल्या.

तेव्हापासून दर दिवाळीला त्या धुतात आणि मी काढते. रांगोळीवर पाय पडेल म्हणून पोस्टमनलाही त्या दटावतात. यंदा मला उठायला उशीर झाला. दारावर थापा पडल्या. उघडलं तर आजी, हातात बादली आणि चेहऱ्यावर वैताग.

"पायरी कधीची वाळलीये, आणि तू अजून झोपलेली? लोक काय म्हणतील?"