पफूच्या आवाजातला कॅनडा

प्रफुल्ल गेल्याची बातमी ज्यानं मला फोनवर सांगितली, त्याला मी म्हणालो, "आवाज झकास काढलास!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण थांबणं हा माझा गुण नाही. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली फेब्रुवारीची सकाळ होती. घरासमोर उभा राहून मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो, आणि प्रफुल्लच्या नंबरवरून फोन आला. जाड हातमोज्यानं कसाबसा कानाला लावला. पलीकडून एक अनोळखी, जड, शिस्तीतला आवाज आला, "नमस्कार. मी स्वातीचा भाऊ बोलतोय, मॉरिसव्हिलचा. प्रफुल्ल आज पहाटे गेले." मी चक्क हसलो. म्हणालो, "वा रे पफ्या! मेव्हणा हुबेहूब जमलाय! पण स्वतःलाच 'गेले' म्हणतोस? मेल्यावर बराच मान वाढला की तुझा!" पलीकडे शांतता. मला वाटलं, हसू दाबतोय... मग कुणीतरी त्या माणसाच्या हातून फोन घेतला आणि प्रफुल्लच्या आई म्हणाल्या, "पुणेकर, खरं आहे ते. ये घरी."

तेव्हा कळलं. कारण प्रफुल्ल जगातल्या कुणाचाही आवाज काढायचा, पण काकूंचा कधीच नाही. म्हणायचा, "घरात एक आई आहे तेवढी पुरे. दुसरी कोण सांभाळेल बे?"

माझ्या या मूर्खपणाला थोडा इतिहास आहे. प्रफुल्ल नागपूरचा, मी पुण्याचा. दोघं एकाच वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलो, एका खोलीत राहिलो, पुढे नोकऱ्याही याच गावात लागल्या. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं इमिग्रेशन ऑफिसर बनून मला फोन केला आणि पासपोर्टचं एकेक पान मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. कोरी पानं आली तेव्हा प्रत्येक पानाला "धिस पेज इज ब्लँक, सर" असंही सांगितलं. प्रफुल्ल तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या आड उभा होता. त्यानंतर इतकी वर्षं फोनवर कुणी गंभीर आवाजात बोललं की मी आधी फ्रिजमागे बघतो.

पण त्याची खरी कला फुलली ती काकूंमुळे. त्याचे वडील वारल्यावर काकू पहिल्यांदा लेकाकडे आल्या. बाहेर गुडघाभर बर्फ, प्रफुल्ल आणि त्याची बायको स्वाती दिवसभर कामावर, आणि काकूंना इंग्रजी येत नव्हतं. टीव्हीला लावलेल्या अँटेनावर सरहद्दीपलीकडच्या कॅनडाचा एक चॅनल दिसायचा. त्यावर दर मंगळवारी संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. एक आडगाव, आणि तिथला रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचा डेपो. तिथे बर्फ सोडून बाकी सगळं उपसलं जायचं. सदा झोपलेला बॉस, फोन घेणारी एक बाई, आणि एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ, एवढीच माणसं. प्रफुल्ल टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि आईसाठी सगळी मालिका मराठीत बोलायचा. बॉस म्हणजे तोंडात तंबाखूचा खर्रा धरलेला नागपूर महापालिकेचा साहेब. फोनवाली बाई म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या कुणी सुमनमावशी. थोरला भाऊ वऱ्हाडी. आणि धाकटा, म्हणजे त्या गावातला सर्वांत मूर्ख माणूस, शुद्ध पुणेरी. "मी काय म्हणतो, हा बर्फ आपण का उचलायचा? तत्त्व म्हणून विचारतोय!"

तो धाकटा म्हणजे मी. हे स्वातीला पहिल्या मिनिटाला कळलं, काकूंना दुसऱ्या. मला कळायला तीन आठवडे लागले. तोवर मीच सर्वांत जोरात हसत होतो.

वारा सुटला की चित्राचे चौकोन व्हायचे आणि पडदा गोठायचा. प्रफुल्ल गोठायचा नाही. पुढचं मनानंच रचून सांगायचा. चित्र परत आल्यावर भलतंच काही चालू असलं की काकू म्हणायच्या, "यांचं चुकून राहिलं पफू, तुझं बरोबर होतं." नागपूरला परतल्यावर त्यांनी शेजारणींना ठणकावून सांगितलं की कॅनडात मराठी मालिका लागतात.

गेल्या ऑक्टोबरात काकू दुसऱ्यांदा आल्या. मालिका एव्हाना संपली होती, जुने भाग फिरून लागत होते. पण तिच्यावरून सिनेमा निघाला होता आणि तो घरबसल्या बघायला कधी मिळतो याकडे आम्ही डोळे लावून बसलो होतो. तोवर जुन्यावर भागवायचं. अशाच एका मंगळवारी काकू मध्येच म्हणाल्या, "पफू, ती फोनवाली बाई आज माणसासारखी काहून बोलून राहिली?" प्रफुल्ल म्हणाला, "सर्दी झाली तिला." पुढच्या आठवड्यात थोरला भाऊ आणि बॉस एकाच आवाजात बोलायला लागले. मला कोटी सुचली. मला नेमकी अशा वेळी सुचते. म्हटलं, "काकू, कॅनडातही ले-ऑफ सुरू झालेत. चौघांचं काम आता एकालाच करावं लागणार." प्रफुल्ल हसला, आणि त्या हसण्यालाही आवाज नव्हता, नुसती हवा. स्वाती म्हणाली, "उद्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते." काकू टीव्हीकडे पाहतच नव्हत्या. लेकाच्या गळ्याकडे पाहत होत्या.

घसा ठीक होता. गाठ छातीत होती आणि तिनं आवाजाची नस दाबली होती. जन्मात सिगारेट न ओढलेल्या माणसाला हे व्हावं... पण ते राहू दे. डॉक्टर जेवढं बोलले त्यापेक्षा जे बोलले नाहीत ते आम्हाला जास्त ऐकू आलं. औषधं सुरू झाली. घरात हळूहळू सगळेच हलक्या आवाजात बोलू लागलो, जणू मोठ्यानं बोललं तर कुणीतरी जागं होईल. मंगळवार मात्र चुकला नाही. दर मंगळवारी डेपोतलं एखादं माणूस कमी व्हायचं. बॉस बोलेनासा झाला. थोरला भाऊ गेला. शेवटी सगळं गाव एकाच घोगऱ्या पुणेरीत बोलायला लागलं. मी विचारलं, "माझाच का ठेवलास?" तर कुजबुजला, "त्याला दम लागत नाही बे. तू बोलतोस त्यात जोर कुठे असतो?"

जानेवारीत सिनेमा ओटीटीवर आला आणि एका रविवारी दुपारी आम्ही तो टीव्हीवर लावला. मालिकेचा सिनेमा करताना करतात ते सगळं केलं होतं, माणसं तीच, बर्फ दहापट. पण एक सांगतो, विनोदी म्हणून बघायला बसलो आणि हसू येईना. गावात बर्फ पडायला लागतो तो थांबतच नाही. सरकार ठरवतं की गावच बंद करायचं. एकेका घरातला दिवा जातो, लोक सामान बांधून निघतात. डेपोचा टेलिफोन कापून टाकतात. दोघं भाऊ आणि फोनवाली बाई रिकाम्या डेपोत बसलेली असतात, बॉस कुठे गेलाय कुणालाच ठाऊक नसतं... आणि तो कापलेला फोन वाजायला लागतो. तिघं एकमेकांकडे बघतात. कुणी उचलत नाही. फोन वाजतच राहतो.

तिथे सांगता सांगता प्रफुल्लला धाप लागली. त्यानं हातानंच 'थांबव' म्हणून खूण केली. स्वातीनं सिनेमा थांबवला.

"फोन कोणाचा होता रे?" काकूंनी विचारलं.

"उद्या," प्रफुल्ल म्हणाला.

तो उद्या काही आला नाही. पुढचे दिवस हॉस्पिटल, मग घर, मग घरातच नर्स. मी शेवटचा भेटलो तेव्हा काकू पलंगाशी बसून त्याच्या पायांना तेल लावत होत्या. मी आपला बडबडत होतो, कारण तिथे गप्प बसायची मला भीती वाटत होती. त्यानं मला जवळ बोलावलं, कान तोंडाशी आणायला लावला आणि म्हणाला, "एकदा फोनवर असा आवाज काढीन... तुला ओळखूच येणार नाही."

आता सांगा, त्या सकाळी अनोळखी आवाज ऐकून मी दुसरं काय समजायचं होतं? मी थट्टा केली ती आनंदानं. मला वाटलं, आवाज परत आला...

मेव्हण्यानं मला माफ केलं. भला माणूस आहे. अंत्यविधीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजवर माझ्या आवाजाची कुणी एवढी तारीफ केली नव्हती."

काकूंचं परतीचं तिकीट मार्चमधलं होतं. निघायच्या आधीच्या रविवारी स्वातीचा फोन आला. "आई सारखं विचारतायत, तो फोन कोणाचा होता. मी दोनदा प्रयत्न केला रे, मला बोलवत नाही. तू येशील?" गेलो. टीव्ही लावल्यावर तो सिनेमा सगळ्यांत वर होता. खाली, कुठवर पाहिलं ते दाखवणारी एक लाल रेघ, बरोब्बर मध्यावर तुटलेली. प्रफुल्लची खुर्ची होती तिथेच होती. त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. मी खाली सतरंजीवर बसलो, टीव्हीचा आवाज बंद केला आणि रिमोटचं बटण दाबलं.

फोनवाली बाई उठली आणि फोन उचलला. मी सुमनमावशींचा आवाज लावला. स्वातीनं उशीत तोंड लपवलं. हसली की रडली, मी पाहिलं नाही. बॉसचा काढायला गेलो तर खोकला आला. एका ठिकाणी मी घाबरून जास्तच सांगत सुटलो, तर काकू म्हणाल्या, "तो एवढंसं बोलला. तू एवढं काय सांगून राहिला?" पण गोष्ट पोचली. बाहेरची लाइन कापलेली होती, आतली नव्हती. बॉस डेपोच्याच मागच्या खोलीत गाढ झोपला होता. उठल्यावर त्यानं तिथून फोन केला होता, चहा सांगायला.

काकू पडद्याकडे जरा झुकल्या.

"म्हणजे आतच होता," त्या म्हणाल्या. "आणि हे बाहेर पाहून राहिले."

स्वाती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. पडद्यावर धाकटा भाऊ बोलायला लागला. मला जरा धीर आला. म्हटलं, हा तरी आपला हक्काचा, याची नक्कल करायची गरज नाही. मी माझ्या साध्या, रोजच्या आवाजात त्याची सगळी वाक्यं म्हटली. तत्त्वाचा मुद्दाही मांडला. काकूंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग शाल सावरली, रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पुणेकर, बाकीचे नाही जमले तर नाही जमले. पण तुझा आवाज तरी नीट काढ न! पफू याहून चांगला काढत होता."