कुमुदताईंची हाजरी

नागपूरच्या विक्रेत्याने मला फसवलं. माझी चालू यंत्रणा त्यानेच बिघडवली आणि तोच बिघाड दाखवून नवी यंत्रणा गळ्यात मारायला निघाला. कुमुदताई नसत्या तर मी ती घेतलीही असती.

पवनीला माझं मासळीचं शीतगृह आहे. सायकलला टोपली बांधून मासे विकत इथवर आलो. आतली थंडी कॉम्प्युटर सांभाळतो. एका कार्डावरून तापमान वाचतो आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. हाताने चालवायचं बटण विक्रेत्याने यंत्रणा बसवतानाच काढून टाकलं होतं. त्याच्या माणसाने येऊन कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नवा केला. तो गेला आणि कॉम्प्रेसर थांबला. आत इथल्या मासेमारांची, ढिवर भाऊंची, तलावावरची सगळी मासळी होती, माझ्या शब्दावर ठेवलेली. फोन केला तर विक्रेता म्हणाला, "शेठ, कार्ड मेलं. पूर्ण सेटच नवा घ्या."

त्याला यथेच्छ शिव्या देऊन मी भंडाऱ्याला फोन लावला. कुमुदताई तिथे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. पितळी भांड्यांच्या दुकानात वाढलेली बाई; भाव करण्यात मला भारी. मिळेल त्या एसटीने आल्या. मी दारातच ओरडायला लागलो.

"भाऊ, तुमचा आवाज आत नेऊन ठेवा," त्या म्हणाल्या. "जरा थंड होईन तो."

मग त्या की-बोर्डशी बसल्या आणि हाजरी घ्यायला लागल्या. ही त्यांची सवयच. एकेका प्रोग्रामला नावाने पुकारायचं, तो कितव्या आवृत्तीचा ते विचारायचं, तेही मोठ्याने. "डिस्क तपासणारा? चालते. ड्रायव्हर चढवणारा? अरे बापू, तू त मागच्याच वर्गात बसून आहेस!"

"म्हणजे कार्ड मेलं नाही?" मी विचारलं.

"कार्ड कायले मरन? नव्या कर्नलचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड-बिर्ड चालवणारे प्रोग्राम, दाबून बांधलेले येतात. ती गाठ सोडणारं हत्यार जुनंच ठेवलं. कार्डाचा ड्रायव्हर गाठोड्यातच राहिला. पाण्याची पितळी गुंडी नवी आणली त झाकण लावून पाहावं लागते का नाही? कोणतं हत्यार किमान कितवं पाहिजे, हे कर्नल बनवणारे लिहूनच देतात. वाचाले कोनाले वेळ आहे!"

"मग जुन्याच कर्नलवर चालवा ना, ताई."

"ठेवला असता त चालवला असता. पुसून टाकला त्यानं."

पेन ड्राइव्हवरून त्यांनी ते हत्यार नवं केलं आणि मशीन पुन्हा सुरू केली. कॉम्प्रेसर घरघरला. मासळी वाचली. मी फी विचारली तर म्हणाल्या, "मरळ द्या." मी एक काढली. त्या घासाघीस करत दोन घेऊन गेल्या, आणि जाताना बजावलं, "नवा नीट रुळेपर्यंत जुना काढाचा नाही."

आता त्या मुलीकडे पुण्याला राहतात. मी इथे मजेत आहे. शीतगृह भरलेलं असतं, आणि कर्नल बदलायची वेळ आली की हाजरी मीच घेतो, मोठ्याने. पोरं हसतात, हसू देत.

पण तो विक्रेता अजून धंदा करतो. चूक कोणाकडूनही होते. ती मी सोडून दिली असती. चांगलं कार्ड न तपासता मेलं म्हणून का सांगितलं, आणि परतीची वाट का पुसली? त्याने पवनीला यावं, ढिवर भाऊंसमोर उभं राहावं आणि याचं उत्तर द्यावं.