सुनेचा हात

बेकरीत पीठ मळणाऱ्या काकूंना सगळे काकूच म्हणत; मालकसुद्धा, आणि तो तर त्यांच्याहून वयाने मोठा. नवरा तरुणपणीच गेला. एकुलत्या एका मुलाला त्यांनी भट्टीच्या उबेत वाढवलं. लहानपणी तो पिठाच्या पोत्यांवर झोपायचा आणि उठायचा तो पांढऱ्या भुवया घेऊन.

त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा-बायको स्कूटरवरून येत होते, वळणावर ट्रकने उडवलं. मुलगा जागच्या जागी गेला. सून वाचली, पण उजव्या हाताला खांद्यापासून कोपराच्या खालपर्यंत टाके पडले.

टाके काढल्यावर नर्सने काकूंना बाजूला घेऊन समजावलं. जखम पुरती भरू द्या. मग रोज साध्या पाण्याने धुऊन, हलकेच टिपून, मलम लावून बोटाने गोल गोल दाब द्यायचा. उन्हात हात झाकायचा. खाज सुटली तरी नख लावायचं नाही. लाल झालं, पाणी सुटलं, तर थेट इकडे या.

घरी मात्र सून हात पुढे करेना.

"राहू द्या आई. त्यांच्यासोबतचं एवढंच उरलंय अंगावर."

काकू मलमाची डबी उघडत म्हणाल्या, "माझ्या पोराने तुला असलं काही दिलं नसतं गं. हे रस्त्याने दिलंय. आण तो हात."

तेव्हापासून कामावरून आल्या की काकू नखांतलं पीठ घासून काढत आणि सुनेला घेऊन खिडकीपाशी बसत. वण दोरीसारखा टणक होता, कोपर सरळ होत नव्हतं.

"हळू, आई."

"याहून हळू मळलं तर मालक घरी बसवेल मला."

सून हसली. अपघातानंतर पहिल्यांदाच. आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर ढसाढसा रडली. काकू रडल्या नाहीत. त्यांचा अंगठा वणावरून फिरत राहिला. अंत्यविधीलाही त्यांचे डोळे कोरडेच होते. लोक म्हणत, काळीज दगडाचं आहे बाईचं.

हळूहळू वण मऊ पडला, हात वर जाऊ लागला. सुनेला स्वतःची वेणी घालता आली, तेव्हा काकूंनीच विषय काढला.

"तुझा भाऊ कधीचा बोलावतोय. जा आता. आयुष्य पडलंय तुझ्यापुढे."

"आणि तुम्हाला कोण आहे?"

"मला काम आहे."

सून गेली. पुढे तिचं दुसरं लग्न झालं, तेही काकूंनी भावाला फोनवरून दोनदा बजावल्यामुळे. लग्नानंतर एका दुपारी तिचा बेकरीत फोन आला.

"हात कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"छान आहे, आई. वण आता पटकन दिसतसुद्धा नाही."

"बरं झालं बाई," म्हणत काकूंनी फोन ठेवला. परातीपाशी आल्या, पिठात हात घातले, आणि तशाच खाली बसल्या. मग त्या रडल्या. मालकाने भट्टीवरच्या माणसांना खुणेने बाहेर नेलं. त्या दिवशी संध्याकाळचे पाव झाले नाहीत.