अख्ख्या आळीचा एकच ईमेल

आमच्या आळीत ईमेल एकच, आणि तो माझा.

भाजे गावात लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, शनिवार-रविवारी पाहुण्यांना देते. त्यांच्या बुकिंगसाठी मी तो काढला. त्याआधी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर दहा वर्षं उभी राहिलेली, त्यामुळे मी कॉम्प्युटरला घाबरत नाही, आणि हे आळीला माहीत. झालं! कुणाचा गॅसचा फॉर्म असो, पोराच्या कॉलेजचा असो, ईमेलचा रकाना आला की लिही हिचा. मला विचारायची पद्धतच नाही. तसा प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा स्वतःचा ईमेल आहे, दुकानदारानं फोन चालू करून देताना काढलेला. पण तो काय आहे, हे विचारलं तर एकाला सांगता यायचं नाही. माझा मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आळीतले एक भाऊ तर कामशेतला गाड्यांच्या प्रदर्शनात गेले आणि स्कूटर लागेल या आशेनं सोडतीची सात कुपनं भरून आले. सातही कुपनांवर ईमेल माझा. स्कूटर गेली कुणा भलत्याला, आणि मला टायरवाले, विमेवाले, बॅटरीवाले सकाळ-संध्याकाळ मेल पाठवायला लागले. त्यात भर प्लॉटवाल्यांची. पवनेच्या काठी प्लॉट, धुक्यातलं दुसरं घर, शेवटचे चारच शिल्लक, आजच या. एकानं तर माझ्याच घरामागचा डोंगर मला विकायला काढला होता. दिवसाला शंभर-सव्वाशे मेल यायचे. हसावं की रडावं!

मग गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी एक कुटुंब बॅगा घेऊन दारात उभं राहिलं. सोबत आजारी आजोबा. त्यांचं बुकिंग त्या ढिगात गाडलं गेलं होतं आणि खोल्या मी दुसऱ्यांना दिल्या होत्या. त्या बाईनं मला माझ्याच अंगणात जे काय ऐकवलं, ते मी आयुष्यात विसरायची नाही. त्या संध्याकाळी डोकंच फिरलं. म्हटलं, आता एकेकाला बघतेच.

या जाहिरातींच्या मेलच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ असते. हे मेल नको असतील तर इथे दाबा, अशा अर्थाची. मी मेलला नियमच लावून टाकला, की ज्याच्या तळाला ही ओळ असेल तो मला दाखवायचासुद्धा नाही, थेट कचरापेटीत टाकायचा. फक्त बुकिंगवाले, बँक आणि लाइटबिल एवढ्यांना त्यातून वगळलं. दोन-तीनदा तपासून माझं काही चुकणार नाही याची खात्री करून घेतली. फक्त माझं. आळीचं काय, हे डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पाच मेल आले, पाचही कामाचे. काय सांगू, घर सारवून काढल्यासारखं वाटलं.

आता मावशी. चार घरं सोडून राहतात. वय पन्नाशीला टेकलेलं, हाताला अशी चव की विचारू नका. बारा वर्षं त्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांवर स्वयंपाकाला जायच्या. ते काम सगळं शुक्रवारच्या फोनवर. "मावशी, उद्या वीस जण," असा फोन आला तर काम, नाही आला तर नाही. जुलैत मरेस्तोवर काम, मेमध्ये घरात बसून राहायचं. माझ्याकडे पाहुणे जास्त झाले की मीही त्यांनाच फोन करायची, शुक्रवारीच.

तळेगावच्या पुढे एका निवासी शाळेत स्वयंपाकिणीची कायमची जागा निघाली. महिन्याचा पगार, शिवाय राहायला खोली. कान्हे गावच्या एका बाईबरोबर मावशी लग्नाच्या स्वयंपाकाला जायच्या, तिनं ही बातमी आणली आणि दोघींनी मिळून फॉर्म भरले. बोलावणं ईमेलवर येणार होतं. मावशींनी कुणाचा लिहिला असेल, सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी पाण्याची कळशी कडेवर घेऊन माझ्या दारात थांबायच्या.

"आलं का गं माझं?"

"नाही अजून."

"बगितलंस नव्हं?"

"बघितलं ना! आलं की सांगेन की मी."

पहिले चार-पाच दिवस मी खरंच बघायची. मग चहा गाळता गाळता 'नाही' म्हणायला लागले. मग त्या फाटकाशी दिसल्या की त्यांनी तोंड उघडायच्या आत मान हलवायची. समोर पाच मेल दिसतायत, त्यात त्यांचं नाही, मग बघायचं काय, असं मला वाटायचं. एकदा तर वैतागून म्हणाले, "मावशी, रोज विचारल्यानं लवकर येतं का?" त्या हसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्याच.

त्या शनिवारी अकरा वाजून गेले होते. मी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होते, तेवढ्यात मावशी अक्षरशः पळत आल्या. पायात चप्पल नाही, हातात फोन.

"ती कान्ह्याची तितं रांगंत हाय! शाळंत! मला म्हनती, तुमी कुटं हाय, एकपर्यंतच घेत्यात कागदं. मला कसं न्हाई बोलावलं गं?"

"आलंच नाही तर मी काय करू?" मी फटकन बोलले. आणि बोलता बोलताच आठवलं. कचरापेटी. दोन महिने मी ती उघडलीच नव्हती.

चादर तशीच टाकून आत आले. मावशी उंबऱ्यातच उभ्या. कचरापेटीत टायर, विमा, प्लॉट, प्लॉट, प्लॉट. शाळेचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं. तिसऱ्यांदा बरोबर पडलं आणि एक नाही, दोन मेल वर आले. एक अकरा दिवसांपूर्वीचा, एक चार दिवसांपूर्वी आठवण म्हणून पाठवलेला. शनिवारी दुपारी एकपर्यंत मूळ कागदपत्रं आणि या पत्राची प्रत घेऊन स्वतः हजर राहा, नंतर विचार केला जाणार नाही. आणि तळाला बारीक अक्षरांत तीच ओळ. शाळेनं सगळ्या उमेदवारांना मिळून एकदम मेल धाडला होता, जाहिरातवाले धाडतात तसाच.

"काय गं? सापडलं?"

"सापडलं," मी म्हणाले. "आत्ताच आलंय, बघा."

का म्हणाले? तोंडातून निघून गेलं.

पुण्याकडची लोकल निघून गेली होती. ती गेली की दुपार कलेपर्यंत दुसरी नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रिंटर एरवी लाडात येतो, तसा आजही आला. कागद अर्धा ओढला आणि अडकला. मी त्याला एक रट्टा दिला. दुसरा कागद सरकत सरकत बाहेर येईपर्यंत मावशी चप्पल घालून, पिशवी घेऊन परत आल्यासुद्धा. पिशवी महिनाभर दारामागे खिळ्याला टांगूनच ठेवलेली. शाळेचा दाखला, आधार, फोटो, सगळं त्यात. कागद त्यांनी न वाचताच घडी घालून पिशवीत ठेवला.

माझी स्कूटर काढली तेव्हा साडेअकरा झाले होते. शनिवार! लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्या मळवलीपासून एकाला एक चिकटून उभ्या. मी शेताच्या कडेनं घातली, एकाच्या आरशाला हँडल घासलं, त्यानं शिव्या घातल्या, मी उलट दिल्या. कार्ला फाट्याला येईपर्यंत बारा. मावशी मागे पिशवी छातीशी धरून बसलेल्या.

"आजच कशापायी बोलावलं गं?" त्या कानाशी ओरडल्या. "येवढ्या तातडीनं?"

"असंच असतं यांचं!" मी पण ओरडले. "ऐनवेळी कळवतात!"

एक खोटं झाकायला दुसरं. आणि मावशी मागून म्हणतात कशा, "तुजे उपकार गं बाई, टायमाला बगितलंस." मला वाटलं, स्कूटर इथंच सोडावी आणि पळून जावं. कामशेतला एक ट्रक आडवा झाला होता, तिथं दहा मिनिटं गेली. कान्हे फाटा, वडगाव. मी घड्याळाकडे बघायचंच सोडून दिलं. नुसता अ‍ॅक्सिलरेटर पिळत होते आणि मनात एकच, आज ही जागा गेली तर ती मी घालवली.

शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा एकला आठ मिनिटं कमी होती. कान्ह्याची बाई खिडकीशी ठाण मांडून बसली होती. स्वतःचं काम केव्हाच झालेलं, पण "माजी मैतरीन येतीय" म्हणून तिनं कारकुनाला उठू दिलं नव्हतं. मावशींनी धापा टाकत पिशवी खिडकीत रिकामी केली. कारकुनानं एकेक कागद बघितला, शिक्का मारला. मग पत्राची प्रत हातात घेतली आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "अकरा दिवस झाले की हो मेल पाठवून. आठवणीचाही पाठवला. मग आज असं धावत का आलात?"

मावशींनी प्रत परत मागून घेतली. शाळा त्यांची सातवीपर्यंत झालेली, वाचता चांगलं येतं. वरच्या तारखेवर बोट ठेवलं, तिथंच थोडा वेळ राहू दिलं. मग माझ्याकडे बघितलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"बरं," कारकून म्हणाला, "निकाल ईमेलवरच येईल. ईमेल हाच ठेवायचा ना?"

सवयीनं मी सांगायला सुरुवात केली. दोनच अक्षरं बोलले असेन.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "तो नगं. बदला तो." आणि कान्ह्याच्या बाईकडे वळून, "तुज्या सुनंचा सांग गं."

तिनं चिठ्ठी काढून दिली. कारकुनानं माझा ईमेल खोडला आणि त्यावर दुसरा लिहिला. खिडकीच्या काचेतून मला ते सगळं नीट दिसत होतं.

परतताना वडगाव मागे पडलं. मग मागून आवाज आला, ओरडून नाही, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"तू बगत व्हतीस का गं?"

"नाही," मी म्हणाले. आता खोटं बोलायला अंगात त्राणच नव्हतं. "कचऱ्यात गेलं होतं. मीच तशी सोय केली होती. आणि मी बघत नव्हते, मावशी."

"मग न्हाई आलं कशापायी म्हनायचीस? न्हाई बगितलं म्हनायचं. मी बसले असते की तुज्या दारात, तू बगस्तोवर."

मी स्कूटर बाजूला घेतली आणि रडले. त्यांनी रडू दिलं. समजूत काढली नाही, रागावल्याही नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाल्या, "चल, तुजी पावनी वाट बगत असत्याल."

घरी आल्या आल्या मी तो नियम काढून टाकला. तेव्हापासून सगळं समोर येतं. आता मी जाहिरातवाल्यांना एकेकाला पाठवणाऱ्याच्या नावानिशी बंद करते, पण त्याआधी उघडून बघते, आणि रोज रात्रीचं जेवण झालं की कचरापेटी तळापर्यंत चाळते. अर्धा-पाऊण तास जातो. मावशींचं तिथं आता काही येणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या शाळेचं नाव मी रोज शोधायची.

मावशी सकाळी कळशी घेऊन जायच्याच, पण थांबायच्या नाहीत. "बरं हाय का?" एवढं म्हणून पुढे. ते 'आलं का गं माझं' कानावर पडावं म्हणून मी तीन आठवडे झुरले. ज्या प्रश्नाला वैतागले होते, त्याच्यासाठी!

मग एक दिवस भर दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. हातात पेढ्यांचा पुडा. आणि मी, जीभच मेली सवयीची, 'नाही अजून' म्हणायला तोंड उघडलं.

"आलं," मावशी म्हणाल्या.

"आलं?"

"परवाच आलं. एक तारखेपासनं जायचंय."

मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पेढा माझ्या तोंडात घातला. चेहरा कसा फुलला होता म्हणून सांगू! कान्ह्याच्या बाईचंही झालं होतं. दोघी एकाच खोलीत राहणार होत्या. त्या बाईच्या सुनेनं मावशींना त्यांच्याच फोनवर ईमेल उघडायला शिकवला होता. रोज सकाळी कळशी भरून आल्या की स्वतः बघतात म्हणे.

"मला लिहून द्या ना तो," मी म्हणाले. "चुकून काही तुमचं माझ्याकडे आलं, तर पाठवून देईन."

मावशींनी पुड्यातून आणखी एक पेढा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"आता न्हाई यायचं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घरी पेढे द्यायला गेल्या.

मी पेढा हातात घेऊन तशीच उभी. रस्त्यावरून ते सात कुपनांवाले भाऊ हातात कसलासा फॉर्म घेऊन येत होते, लांबूनच ओरडले, "काय गं, आमचं आलं का काय?"

"थांबा भाऊ," मी म्हणाले. "बघितलं नाही अजून. बघते."