अर्धी राहिलेली घोरपडीची गोष्ट

मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मेविस नाकामार्राला पश्चिमेकडच्या तांबड्या टेकड्या सोडून ॲलिस स्प्रिंग्ज या शहरात यावं लागलं. रक्त धुणारं यंत्र तिच्या वस्तीत नव्हतं. दिवसाआड दंडाला सुया टोचून घ्यायच्या आणि उरलेला वेळ रुग्णांच्या वसतिगृहाच्या बैठकीत टीव्हीसमोर काढायचा, असं तिचं आयुष्य होऊन बसलं. तिची भाषा बोलणारं तिथे कुणीच उरलं नव्हतं.

म्हणून तिला आपल्या आदिवासी लोकांचे चित्रपट लागत. म्हाताऱ्या बायका वाळूत बोटांनी खुणा काढत गोष्टी सांगतात, कुणी पाण्याच्या जागा दाखवतं, असले. शेजारच्या खोलीतली टॉप्सी उत्तरेकडची, फुटबॉलवेडी. दोघींचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भागायचं.

"झाली का तुझी वाळू बघून?" टॉप्सी चिडवायची. "आता जरा माणसं पळताना बघू दे."

"तुझी माणसं पळून पळून परत तिथेच येतात," मेविस म्हणायची आणि रिमोट मांडीखाली सारायची.

एका दुपारी पडद्यावर नेहमीची सूचना आली : या चित्रपटात मृत व्यक्ती दिसतील. मागोमाग मेविसची थोरली बहीणच समोर आली. मेविसने मान फिरवली. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, चेहरा बघायचा नाही; दुखवटा सरेपर्यंत घरच्यांनी हा चित्रपट बंदच ठेवायला लावला होता. आता त्यांनीच तो मोकळा केला होता, हे भाचीने फोनवर सांगितलं होतं. तरी मान परत पडद्याकडे वळायला वेळ लागला.

बहीण वाळूवर काठी आपटत लहान पोरांना सांगायची गोष्ट सांगत होती. घोरपडीने सगळं पाणी पिऊन बिळात दडी मारली आणि दोन मुली तिच्या मागावर निघाल्या. बहीण मध्येच अडखळली, तसा बाजूने एक हात आला, वाळू सपाट करून गेला, आणि कुणीतरी हलकेच पुढचा शब्द सांगितला.

"तो माझा हात," मेविस म्हणाली.

मुली बिळाच्या तोंडाशी पोचल्या आणि चित्रपट संपला. त्या दिवशी वारा सुटला होता. चित्रीकरणवाल्यांनी सामान आवरलं होतं. राहिलेली गोष्ट पुढच्या खेपेला सांगू, असं बहीण म्हणाली होती. पुढच्या खेपेआधीच ती गेली.

"पोरींना पाणी मिळालं का?" टॉप्सीने विचारलं.

"गोष्ट तिची होती. तिनेच सांगायची."

"ती नाही, तू आहेस ना."

मेविसने रिमोट बाजूला ठेवला. उठून अंगणात गेली, निलगिरीच्या झाडाखाली मांडी घातली, तळहाताने माती सारखी केली आणि आपल्या भाषेत सांगू लागली. मुलींनी बिळात धूर केला. इथे ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. ती थांबली. रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. हुंकाराविनाच ती पुढे सांगू लागली.

मागून खुर्ची ओढत टॉप्सी आली आणि बसता बसता म्हणाली, "हूं."

"अगं, इथे नाही. घोरपड आता कुठे खोकतेय."

"मला काय कळतंय तुझी घोरपड? हात वर केलास की म्हणेन."

मग मेविसने हात वर केला की टॉप्सी हूं म्हणायची, शब्द एक कळत नसला तरी. घोरपडीने शेवटी पाणी ओकलं आणि त्याचं तळं झालं. मेविस डोळे पुसत म्हणाली, "धुळीने झालं." टॉप्सीने मान हलवली.

त्यानंतर बऱ्याच दुपारी तशाच गेल्या. हिवाळ्यात टॉप्सीच्या गावी यंत्र बसलं आणि ती घरी गेली. निघताना तिने मेविसला घट्ट धरलं. "तुझ्याकडेही येईल यंत्र."

"येईल," मेविस म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

टॉप्सीच्या खोलीत आता एक अबोल म्हातारा राहतो. मेविस रोज दुपारी आपले चित्रपट लावते. बहिणीचा लागला की आवाज वाढवते, पुढे सरकून बसते, आणि बहीण श्वास घ्यायला थांबली की तिच्या भाषेत, बरोबर जागी, हुंकार देते.