तोंड धन्याकडे

सदर इसमाचे नाव बुस्तामी, लग्नानंतर मिळालेली पदवी मालिन मारजो. वय सत्तरीच्या आसपास. वर्ण सावळा, बांधा ताठ, बसताना पाठ सरळ. व्यवसाय खंजिरांच्या मुठी कोरणे. मुक्काम बायकोच्या घरी, म्हणजे घराच्या खाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत. सदर इसमाविरुद्ध गावाची तक्रार नाही. त्याची काही तक्रार आहे का, हे गावाने विचारलेले नाही.

आम्हा मिनांगकाबाऊ लोकांमध्ये घर बाईचं, शेत बाईचं, आणि नवरा म्हणजे खुंटावरची राख, वारा आला की उडाली. इथे सगळेच घरजावई, त्यामुळे त्या शब्दाने कुणाला चिडवायची सोय नाही. बुस्तामीचा वारा त्याच्या बायकोच्या, रोसनाच्या मरणाने आला. बायकोचे दिवस उलटले की नवऱ्याची बहीण भाच्यांसह भातमासळीचं ताट घेऊन त्याला न्यायला येते. बायकोच्या कुळाचा दातुक, म्हणजे प्रमुख, 'राहू दे त्यांना' म्हणाला तर मंडळी जेवून परत जातात. नाहीतर म्हातारा ताटाच्या मागून निघतो.

जुना दातुक त्याच सुमारास वारला आणि पदवी झुबीरकडे आली. झुबीर हा बुस्तामीचाच मुलगा, पण मूल आईच्या कुळाचं.

"मग काळजी कसली?" कॉफीच्या पानांचा काढा विकणारी नुरसिया म्हणाली. "निवाडा पोराच्याच तोंडी."

"पोरगा माझा आहे," बुस्तामी म्हणाला. "दातुक त्यांचा आहे."

कुळाच्या खंजिराची जुनी मूठ तडकली होती. नवी त्यानेच करायची होती. आकृती ठरलेली: हुडहुडलेला जावेकर, म्हणजे जावा बेटावरचा माणूस. पाठीत वाकलेला, हात पोटाशी घट्ट धरलेला माणूस. तो कशाने कुडकुडतो, यावर नुरसियाच्या बाकावर पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. इमाम म्हणतात, अल्लाच्या धाकाने. मास्तर म्हणतात, तो पूर्वज आहे, पोटातल्या गर्भासारखा बसलेला. नुरसियाच्या मते नदीकाठचा हिवताप.

"त्याला थंडी वाजतेय एवढं मला ठाऊक," बुस्तामी म्हणायचा. "अर्थाची पांघरुणं तुम्ही घाला."

खंजीर पोटावर खोचतात आणि मुठीचं तोंड धन्याकडे असतं. उपसायचा तर आधी मूठ फिरवावी लागते आणि तेवढ्यात राग निवावा, अशी योजना. गावाला जावेकराची पाठ दिसते, चेहरा एकट्या दातुकाला. म्हणून कारागीर चेहऱ्यात फार जीव ओतत नाहीत. चोचीसारखं नाक काढलं की झालं.

बुस्तामीने पाठ पटकन उरकली आणि चेहरा कोरत बसून राहिला.

मुलगी युस्निदार भात घेऊन खाली आली. तिने मूठ उजेडाकडे धरली. "अबाक, हा थंडीने नाही हो असा. हा काहीतरी मागतोय."

"तेल लावलं की तसा दिसणार नाही."

"झुबीरला तोंडाने सांगा ना, इथेच राहायचंय म्हणून."

"मी पाहुणा. पाहुण्याने घरच्यांना म्हणायचं, माझा मुक्काम वाढवा?"

"लाकडाच्या तोंडून म्हटलेलं चालतं वाटतं?"

"भात गार होतोय," बुस्तामी म्हणाला.

म्हैस एकदाच कापावी म्हणून पदग्रहण आणि बुस्तामीचा निवाडा एकाच दिवशी ठेवला. झुबीरला काळा पोशाख चढवला, डोक्याला चुण्यांचं कडक फडकं बांधलं, पोटावर खंजीर खोचला. बुस्तामी दाराजवळ, जावयांच्या ओळीत बसला होता. तिथे त्याच्या ध्यानात आलं. नव्या दातुकाचं फडकं घसरलं तर कुळाची अब्रू घसरते, म्हणून तो दिवसभर मान खाली घालत नाही, मुठीचा चेहरा बघायलाही नाही. मानेला गळू झाल्यासारखा झुबीर समोरच्या भिंतीकडे बघत होता. बुस्तामीने आयुष्यभर दातुकांच्या कंबरा पाहिल्या होत्या. माना पाहिल्या नव्हत्या.

दुपारी बहीण सनीमार ताट घेऊन आली. "आमचा माणूस न्यायला आलोय," ती म्हणाली.

झुबीरने बापाकडे पाहिलं. बाप मुठीकडे बघत होता. झुबीरने त्याच्या नजरेमागे जायला हनुवटी जरा खाली केली, तशी कुळातल्या एका थोराने हात पुढे करून फडकं सावरलं आणि हनुवटी वर गेली.

"पहिलाच निवाडा बापासाठी वाकवलास," थोर कानाशी पुटपुटला, "तर दुसरा ऐकेल कोण?"

झुबीरने नजर पुन्हा समोरच्या भिंतीवर लावली. मग म्हणाला, "चालत आलंय ते चालू दे. न्या त्यांना."

"दातुक म्हणतील तसं," बुस्तामी म्हणाला. मुलाला तोंडावर त्याने पहिल्यांदाच दातुक म्हटलं. हत्यारांची पिशवी युस्निदारने आधीच बांधून ठेवली होती.

संध्याकाळी फडकं उतरलं, खंजीर पोटावरून निघाला. युस्निदार सांगते, झुबीर तो मांडीवर घेऊन मुठीचा चेहरा बघत बसला आणि जेवायला उठला नाही. पण दातुकाचा शब्द म्हणजे सुटलेली म्हैस, ती हाकेने परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आत्याकडे आला. बुस्तामी खाली काम करत होता.

"मूठ ढिली झाली का?" बापाने विचारलं.

"नाही, अबाक. घट्ट आहे."

"मग झालं."

झुबीर परत गेला.

सदर इसमाचा सध्याचा मुक्काम बहिणीच्या घराखाली. ते घर बुटक्या खांबांवर आहे. तिथे पाठ सरळ करून बसता येत नाही.